कारण नसलेली हरकत

एकदा एक आचार्य होते आणि त्यांचा आश्रम म्हणजे एक मेलिंग लिस्ट होती. हसू नका. आश्रमाला पर्णकुटी लागते आणि आचार्यांना दाढी, हा समज आपल्याला चित्रांनी करून दिलेला आहे. या आचार्यांना दाढी नव्हती. अभियांत्रिकी महाविद्यालयात आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेले, मिरजेला एकटे राहणारे ते गृहस्थ होते, आणि सगळे त्यांना नुसते 'सर' म्हणत.

निवृत्तीनंतर सरांनी छोट्या सार्वजनिक वाचनालयांसाठी एक संगणकप्रणाली लिहिली. पुस्तक कोणी नेले, कोणी परत आणले, एवढी नोंद ठेवणारी. तिचे नाव त्यांनी 'देवघेव' ठेवले आणि ती सर्वांना मोकळी करून दिली. कुणीही ती फुकट वापरावी, कुणीही तिचा कोड उघडून पाहावा, सुधारावा, आणि केलेली सुधारणा पुन्हा सर्वांना द्यावी. दार उघडे ठेवले की माणसे येतातच. कुणी नाशिकला नोकरी करणारा, कुणी कोल्हापुरात शिकवणारी, कुणी नुकताच पदवी घेतलेला, असे हळूहळू पुष्कळ जण 'देवघेव'चे काम करू लागले. ते एकमेकांना क्वचितच भेटत. त्यांचे सगळे बोलणे ईमेलने चाले. लिस्टच्या पत्त्यावर एक पत्र टाकले की ते सर्वांना पोचे, आणि उत्तरही सर्वांसमोर येई.

अशा लिस्टा दोन होत्या. एक वापरणाऱ्यांची. तिथे ग्रंथपाल मंडळी विचारत, की छापलेली पावती तिरकी का येते, किंवा सभासदाचा फोटो कसा चिकटवायचा. दुसरी विकासकांची, म्हणजे प्रणाली घडवणाऱ्यांची. कोडमध्ये काय बदलायचे आणि काय नाही याचा निर्णय या दुसऱ्या लिस्टवर होत असे, आणि त्याची एक रीत होती. कुणाला मोठा बदल करायचा असेल, तर त्याने तिथे प्रस्ताव मांडायचा. तीन दिवसांत कुणी हरकत घेतली नाही, तर प्रस्ताव मंजूर समजायचा. मात्र हरकत घेणाऱ्याने तिचे कारण लिहिलेच पाहिजे. कारण नसलेली हरकत मोजायची नाही. हा नियम खुद्द सरांचा. महाविद्यालयाच्या सभांमध्ये कारण न देता नकारार्थी माना हलवणारी माणसे त्यांनी जन्मभर पाहिली होती, आणि त्यांचा त्यांना मनस्वी कंटाळा आला होता.

सरांचा सर्वांत जुना शिष्य निनाद. पुण्यात एका कंपनीत तो काम करी आणि उरलेला सगळा वेळ 'देवघेव'ला देई. मुलगा हुशार होता, कष्टाळू होता, आणि सरांवर त्याचा जीव होता. विकासकांच्या लिस्टचा दरवानही तोच. नव्याने आलेल्या माणसाची पत्रे थेट सर्वांकडे जात नसत. आधी ती निनादपाशी थांबत, तो वाचून आत सोडी, किंवा 'हा विषय वापरणाऱ्यांच्या लिस्टचा आहे' असे नम्रपणे लिहून तिकडे वळवी. हे काम तो चोख करी. त्याचे एकच मागणे होते, आणि ते त्याने कधी तोंडाने मागितले नाही : सरांच्या मनात आपण पहिले असावे.

आता सरांची एक सवय सांगितली पाहिजे. ते कौतुक करीत नसत. निनादने रात्रीचा दिवस करून एखादे काम पुरे करावे, आणि सरांचे उत्तर यावे, "पाहिले. पुढचे घे." निनाद म्हणे, थोरांची ही पद्धतच असते. असे म्हणून त्याने आपले समाधान करून घेतले होते, आणि ते वर्षानुवर्षे टिकले. तोवर दुसऱ्या कुणाचेही कौतुक झाले नव्हते ना!

मग शलाका आली. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी ती राहत होती, घरूनच एका परदेशी कंपनीचे काम करीत होती, आणि फावल्या वेळात तिने गावच्या वाचनालयात 'देवघेव' बसवून दिली होती. तिच्या पहिल्याच पत्रात पुस्तक शोधण्याच्या भागातली एक जुनी चूक दुरुस्त केलेली होती. काम बरे होते. फार मोठे होते अशातला भाग नाही. निनादने ते आत सोडले. संध्याकाळी सरांचे उत्तर आले. चांगले लांबलचक उत्तर होते ते, आणि त्याच्या शेवटी एक शब्द होता : "छान."

तो शब्द निनादने किती वेळा वाचला असेल, ते मी सांगत नाही. त्याने आपली जुनी पत्रे उघडून सरांची उत्तरे चाळली. 'पाहिले' होते, 'ठीक' होते, एके ठिकाणी 'बरे' होते. 'छान' कुठेही नव्हते. त्या क्षणापासून ती मुलगी, जिचा चेहराही त्याने पाहिला नव्हता, त्याच्या डोळ्यांत खुपू लागली.

मत्सराविषयी आपण मोठमोठी प्रवचने ऐकतो, पण एक गोष्ट त्यांत सहसा कुणी सांगत नाही. मत्सर हा मोठा सभ्य प्राणी आहे. 'मी मत्सर' असे म्हणून तो दार ठोठावत नाही. तो इस्त्रीचे कपडे घालून येतो, आपले नाव शिस्त असे सांगतो, किंवा दर्जा, किंवा परंपरा, आणि आपण त्याला आदराने खुर्ची देतो. निनादला कुणी विचारले असते, की तू या मुलीचा हेवा करतोस का, तर तो प्रामाणिकपणे 'छे' म्हणाला असता. त्याच्या मते तो केवळ नियम पाळत होता.

आणि नियम होतेच. शलाकाचे दुसरे पत्र आले. त्यात तिने एक सूचना केली होती आणि सोबत पडद्याचे चित्र जोडले होते. निनादने लिहिले, "चित्रे जोडलेली पत्रे वापरणाऱ्यांच्या लिस्टवर पाठवावीत." असा नियम खरोखरच होता. इतरांच्या बाबतीत त्याची आठवण कुणाला होत नसे, एवढेच. तिसऱ्या पत्रात तिने दोन विषय एकत्र लिहिले होते. निनादने कळवले, "एका पत्रात एकच विषय असावा. कृपया नव्याने लिहावे." तिने नव्याने लिहिले. तोवर तो विषय दुसऱ्या कुणी मांडून झाला होता, आणि 'हे आधीच चर्चिले गेले आहे' असे लिहिताना निनादला जे सुख झाले, त्याचे वर्णन न केलेलेच बरे.

प्रत्येक उत्तरात 'कृपया' होते, 'धन्यवाद' होते. कुणालाही त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. पण लिस्टवर तिला आलेली सरांची उत्तरे तो पुन्हा पुन्हा मोजीत होता, आपल्याला आलेली मोजीत होता, आणि कुठलाही आकडा आला तरी तो दुःखीच होत होता.

अशात शलाकाचे आणखी एक पत्र त्याच्यापाशी येऊन थांबले. ते असे सुरू होत होते :

"आमच्या गावात वीज फार जाते. परवा संध्याकाळी आमच्या वाचनालयाचे जुने सभासद वाघोलीकर काका पुस्तक परत देऊन गेले, आणि लगेच वीज गेली. संगणक पुन्हा चालू झाला तेव्हा पुस्तक त्यांच्याच नावावर दिसत होते. काका दुसरे पुस्तक न्यायला आले, तर ग्रंथपालबाई म्हणाल्या, आधीचं आणून द्या. काका म्हणाले, दिलं की. बाई म्हणाल्या, इथं दिसत नाही. चार माणसांदेखत हे झाले. पुस्तक पुढे कपाटात सापडले. बाई त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आल्या. पण काका त्या दिवसापासून वाचनालयात आलेले नाहीत."

निनाद इथवर वाचून थांबला. खाली अजून बरेच काही लिहिलेले होते, कोडच्या ओळीही दिसत होत्या. पुढे वाचायची त्याला इच्छा झाली नाही. खरे कारण सांगायचे तर पुढचे चांगले असेल, अशी त्याला धास्ती वाटली. त्याने स्वतःशी म्हटले, ही एका वाचनालयाची तक्रार आहे, कुणा काकांची गोष्ट आहे, विकासकांच्या लिस्टवर गोष्टी सांगायच्या नसतात. आणि त्याने नेहमीच्या नम्रतेने ते पत्र वापरणाऱ्यांच्या लिस्टकडे वळवले.

तिकडे त्या पत्राला भराभर उत्तरे आली. "आमच्याकडेही असेच होते." "आमच्याकडे तर एका बाईंकडून पुस्तकाची किंमत मागितली होती." ग्रंथपाल हळहळले, एकमेकांना धीर देऊन झाला. पण कोडला हात लावू शकेल असे त्या लिस्टवर तिच्याखेरीज कुणी नव्हते, सर सोडले तर. आणि शलाकाने त्याच दिवशी विकासकांच्या लिस्टवरून आपले नाव काढून घेतले. भांडण नाही, निरोपाचे पत्र नाही. यंत्राने निनादला एका ओळीत ते कळवले. त्याला हलके वाटले. नंतर थोडे वाईटही वाटले, पण हलके अधिक वाटले.

दोन दिवसांनी निनादने आपला प्रस्ताव मांडला. नव्या आवृत्तीतले त्याचे हे सर्वांत मोठे काम होते, आणि या एका कामाने तरी सर मनापासून काही बोलतील अशी त्याला आशा होती. प्रस्ताव असा होता : 'देवघेव' प्रत्येक नोंद थोडा वेळ संगणकाच्या मेमरीत धरून ठेवते आणि मग पाच-दहा नोंदी एकदम डिस्कवर लिहिते. जुन्या संगणकांना डिस्कवर लिहायला वेळ लागतो, संध्याकाळी वाचकांची रांग लागते. तर यापुढे नोंदी आणखी जास्त वेळ मेमरीत ठेवाव्यात आणि शंभर-शंभरच्या गठ्ठ्याने लिहाव्यात. प्रणाली कितीतरी वेगाने चालेल. त्याने करून दाखवले होते. आकडे दिले होते, आलेख काढले होते.

पहिला दिवस गेला. कुणी काही बोलले नाही. दुसरा गेला. एकाने 'मस्त' लिहिले. तिसऱ्या दिवशी मुदत संपायला थोडा वेळ उरला असताना सरांचे पत्र आले. निनादने ते लगेच उघडले. त्यात एकच शब्द होता :

"हरकत."

खाली नाव. बस्स. कारण नाही, खुलासा नाही. ज्यांनी तो नियम केला त्यांनीच तो सर्वांसमोर मोडला होता.

मग खाजगीत कुजबूज सुरू झाली. सरांचे वय झाले, असे कुणी म्हणाले. चुकून अर्धेच पत्र गेले असेल, असे कुणी म्हणाले. एका मित्राने निनादला फोन करून सांगितले, "नियम स्पष्ट आहे. कारण नाही, तर हरकत मोजायची नाही. दे लिहून, की प्रस्ताव मंजूर." निनादने तसे पत्र लिहूनही ठेवले. पण ते पाठवायला त्याचा हात होईना. त्याचा राग वेगळाच होता. त्याला वाटत होते, की ती मुलगी गेली म्हणून सर माझ्यावर रुसले. तिच्यासाठी त्यांनी आपला नियमसुद्धा मोडला. माझ्यासाठी त्यांनी कधी काय मोडले होते?

शनिवारी सकाळी तो मिरजेची गाडी धरून निघाला.

सर स्वयंपाकघरात होते. तव्यावर थालीपीठ लावीत होते, आणि बोटाने त्याला भोके पाडून त्यांत तेल सोडण्यात गढले होते. "ये," ते म्हणाले. "बरा आलास. एकट्यासाठी भाजणी भिजवली की अंदाजच चुकतो माझा. हात धुऊन बस."

निनाद हात धुऊन बसला, पण त्याच्याने राहवेना. "सर, मी जेवायला नाही आलो."

"ते दिसतंय. पण जेवून बोलायला हरकत नाही."

तो शब्द ऐकून निनादच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "हरकतीचंच विचारायला आलोय. नियम तुमचा आहे सर. कारण द्यायचं असतं. सगळ्यांसमोर माझं काम अडवलंत, आणि का ते एका शब्दानं सांगितलं नाहीत."

"कारण आहे," सर म्हणाले. "चांगलं खणखणीत कारण आहे."

"मग लिहा ना!"

"लिहिलेलंच आहे रे. दुसऱ्या कुणीतरी, माझ्यापेक्षा नीट, तुझा प्रस्ताव यायच्या आधीच लिहून ठेवलंय. मी ते पुन्हा कशाला लिहू?"

निनादला काही उमजेना. सरांनी थालीपीठ उलटले, गॅस बारीक केला, आणि खुंटीवरच्या फडक्याला हात पुसून ते आतून लॅपटॉप घेऊन आले. त्यांनी वापरणाऱ्यांची लिस्ट उघडली आणि शलाकाचे पत्र समोर धरले. "शेवटपर्यंत वाच," ते म्हणाले. "मोठ्यानं नाही वाचलंस तरी चालेल."

निनादने वाघोलीकर काकांची गोष्ट ओलांडली, आणि तो पहिल्यांदा त्याखालचा मजकूर वाचू लागला. तिथे लिहिले होते, की हे एका गावच्या विजेचे दुखणे नाही. वीज गेली की मेमरीतले सारे पुसले जाते; नोंदी तिथे धरून ठेवण्यामुळे हे घडते, आणि जिथे जिथे वीज जाते तिथे तिथे घडणार. पुस्तक परत केल्याची नोंद तरी त्याच क्षणी डिस्कवर लिहिली पाहिजे, थोडा वेळ लागला तरी चालेल. ते कोडमध्ये कुठे करायचे हे तिने दाखवले होते. वेळ कमीत कमी कसा लागेल, याचीही एक युक्ती दिली होती. ती युक्ती निनादला सुचलेली नव्हती.

तो पुन्हा वर गेला आणि काकांची गोष्ट त्याने पुन्हा वाचली. पाच-दहा नोंदी मेमरीत राहत होत्या, तर एका माणसाचा चारचौघांत अपमान झाला होता. आणि तो शंभर ठेवायला निघाला होता.

"तुम्हाला हे तेव्हाच दिसलं होतं," तो म्हणाला. "मग मला फोन का नाही केलात? तुम्हीच का नाही लिहिलंत?"

सर त्याच्या समोर बसले. "फोनवर ठरवलेलं दोघांनाच कळतं. बाकीच्यांना ते आपलं कसं वाटावं? आणि मी लिस्टवर लिहिलं असतं, तर लोकांनी कारण वाचलंच नसतं, माझं नाव वाचलं असतं. 'सर म्हणतात ना, मग झालं.' त्या पोरीचं काम माझ्या नावावर जमा झालं असतं, ते वेगळंच. ते पत्र ज्यानं बाहेर धाडलं, त्यानंच ते आत आणायला हवं होतं. तू आणशील म्हणून मी तीन दिवस वाट पाहिली. मग वेळ संपत आली, तेव्हा दार बंद होऊ नये म्हणून मध्ये पाय घालून ठेवला, एवढंच."

"मी नियमानंच..." निनाद बोलू लागला, आणि त्याचा आवाज त्यालाच खोटा वाटला. तो थांबला.

"नियम मी तुला फार दिले," सर म्हणाले. "चित्र जोडू नये, विषय एकच असावा. ते सगळे टाकून दे आणि एकच ठेव. पत्र आलं की स्वतःला विचार, हे वाचून कुणाच्या हातातलं काम उद्या बदलेल का? बदलणार असेल, तर ते विकासकांच्या लिस्टचं. मग ते रडत लिहिलेलं असो, भांडत लिहिलेलं असो, काकांची गोष्ट सांगत लिहिलेलं असो. बदलणार नसेल, तर कितीही सुंदर असलं तरी तिथलं नाही. पण हे विचारायला पत्र शेवटपर्यंत वाचावं लागतं, निनाद. आणि पाठवणाऱ्याचं नाव पाहून ज्याच्या पोटात दुखतं, त्याला शेवटपर्यंत वाचवत नाही."

स्वयंपाकघरात करपल्याचा वास सुटला होता. दोघांपैकी कुणी उठले नाही.

"मला तिचा हेवा वाटला सर," निनाद म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते, आणि ते लपवायचे त्याला भान नव्हते. "तुम्ही तिला 'छान' म्हणालात. पहिल्याच पत्राला. मी इतकी वर्षं... मला एकदाही नाही म्हणालात."

सरांनी उठून तवा उतरवला. पाठमोरेच ते म्हणाले, "ती नवीन होती. नवीन माणसाला उंबरठ्यावर 'ये' म्हणावं लागतं. घरातल्या माणसाला कुणी 'ये' म्हणतं का? मला वाटलं, तुला हे कळलेलं असेल. कळलेलं नसेल, तर ती माझी चूक. माणसाला सांगावं लागतं." मग वळून ते म्हणाले, "ते मी तुला आत्ता सांगतोय असं समज."

निनादने डोळे पुसले. काही वेळाने तो निश्चयाने म्हणाला, "मी लिस्टवर सगळं लिहितो. मी हेव्यापोटी तिची पत्रं अडवली, हे सगळ्यांना कळू दे. मग मला दरवान ठेवायचं की नाही, ते तेच ठरवतील."

"वाचून कुणाच्या हातातलं काम बदलेल?" सरांनी विचारले.

निनाद चमकला.

"तुझा हेवा खरा आहे, पश्चात्तापही खरा आहे," सर म्हणाले. "पण तो लिस्टवर टाकलास, की उद्यापासून चर्चा तुझी सुरू होईल. चार जण तुला शाबासकी देतील, केवढा मोठ्या मनाचा म्हणून. दोघं टोमणे मारतील. आणि काकांच्या पुस्तकाची नोंद राहील बाजूलाच. लिस्टवर एवढंच लिही, की हे पत्र इथलं होतं, मी ते बाहेर पाठवलं ही माझी चूक, माझा प्रस्ताव मागे घेतो, आता यावर बोला. हेव्याचं जे सांगायचंय ते तिला एकटीला सांग. ते तिचं आहे. चार लोकांत सांगून तिच्याकडून क्षमा वसूल करू नकोस."

मग त्यांनी त्याला करपलेले थालीपीठ वाढले आणि चांगले स्वतःला घेतले. निनादने ते मुकाट्याने खाल्ले.

परतीच्या गाडीतच त्याने दोन पत्रे लिहायला घेतली. लिस्टला लिहिलेले पत्र पाच ओळींचे होते, आणि त्याखाली शलाकाचे संपूर्ण पत्र होते, वाघोलीकर काकांच्या गोष्टीसकट, एक अक्षरही न गाळता. दुसरे पत्र एकट्या शलाकाला. ते लिहायला त्याला पुण्यापर्यंतचा वेळ पुरला नाही. घरी पोचल्यावर त्याने सगळे खोडले आणि एकच वाक्य ठेवले : "तुमची पत्रे मी नियमासाठी अडवली नाहीत, मला तुमचा हेवा वाटत होता म्हणून अडवली."

लिस्टवर मात्र चर्चेला धार आली. ज्यांनी तीन दिवस ब्र काढला नव्हता, तेही तावातावाने बोलू लागले. शेवटी ठरले, की पुस्तक देण्याघेण्याची प्रत्येक नोंद तत्क्षणी डिस्कवर लिहायची, शलाकाच्या युक्तीने. निनादची गठ्ठ्याची पद्धत पुस्तकांच्या याद्या तयार करण्यापुरती वापरायची. तिथे वीज गेली तरी यादी पुन्हा करता येते, कुणाचे काही बिघडत नाही. सरांनी एका ओळीत आपली हरकत मागे घेतली. त्यांनी कुणाचेही कौतुक केले नाही.

शलाकाचे उत्तर आठवड्याने आले. त्यात दोनच शब्द होते : "कळलं होतं."

क्षमा केली की नाही, याचा त्यात पत्ता नव्हता. निनादने ते उत्तर फार वेळ पाहिले. आपण किती सभ्यपणे लिहीत होतो, 'कृपया' काय, 'धन्यवाद' काय, आणि समोरच्या माणसाला पहिल्या दिवसापासून सारे स्वच्छ दिसत होते. मत्सर झाकलेला राहतो, हा केवळ मत्सर करणाऱ्याचाच समज असतो. त्याला लाज वाटली, आणि मन हलके करणारी लाज ती नव्हती.

त्यानंतर काही दिवसांनी शलाकाने विकासकांच्या लिस्टवर पुन्हा नाव घातले. नाव नव्याने घातलेले, म्हणून यंत्राच्या हिशेबी ती पुन्हा नवखीच झाली, आणि तिचे पहिले पत्र पुन्हा निनादपाशी येऊन थांबले.

निनाद वाचू लागला. पत्र त्याच्याच कामाविषयी होते. याद्या करण्याचा जो भाग त्याने अभिमानाने लिहिला होता, त्यात एक ढोबळ चूक असल्याचे तिने दाखवले होते. सौम्य शब्द कुठेच नव्हते. 'निनाद यांनी हे तपासलेले दिसत नाही,' असे सरळ नाव घेऊन लिहिले होते. पत्राला एक चित्र जोडलेले होते. विषयही दोन होते.

त्याच्या पोटात तेच जुने दुखणे उठले. किंचितही कमी नव्हते. सर हे वाचतील. सगळेच वाचतील. त्याला वाटले होते की मिरजेच्या त्या दुपारनंतर आपण या दुखण्यातून सुटलो, आणि ते तर आपल्या जागी मजेत बसलेले होते. त्याने खुर्ची मागे सरकवली, खोलीत एक फेरी मारली, परत येऊन बसला, आणि पत्र शेवटपर्यंत वाचले. मग त्याने स्वतःला विचारले, की हे वाचून कुणाच्या हातातले काम उद्या बदलेल?

'माझ्या,' त्याने स्वतःलाच उत्तर दिले, आणि पत्र आत सोडले.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती एखादे छोटे दार असते, घरात, कचेरीत किंवा सभेत, आणि मनातला हेवा काही आपल्या सांगण्याने जात नाही. त्याला त्या दाराची किल्ली तेवढी देऊ नये.